मनाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा... (अनुभव धागा)

पूर्वभागकर
काल सात रस्त्याजवळ मेडिकलमध्ये थांबलो होतो, शेजारी विशीतला एक पोरगा आणि त्याचे वडील. वडील म्हणत होते, इसीजी नॉर्मल आलाय ना, आता बास कर नाटकं. पोरगं मान खाली घालून गोळ्यांची पिशवी धरून उभं. मला माझेच दिवस आठवले म्हणून लिहितोय, तुम्हीपण लिहा.

मला लूमवर रात्रपाळीला सुरू झालं. एकदम छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घसा कोरडा आणि आता मरतोय अशी खात्री. दहा-पंधरा मिनिटांत ओसरायचं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठीक. इसीजी झाला, टूडी इको झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, आईनं मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मग एका फिजिशियननी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, झोप कशी आहे, आणि हल्ली कुठं कुठं जायचं टाळता? म्हणलं, यंदा गड्ड्याला गेलो नाही, गर्दीत झालं तर काय करू. सोलापूरचा माणूस सिद्धेश्वराची यात्रा चुकवतो म्हणल्यावर त्यांना लगेच कळलं. मानसोपचारवाल्यांना चिठ्ठी दिली. पॅनिक डिसऑर्डर. गोळीचा फरक पडायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थपणा थोडा वाढूही शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून टिकलो. त्रास खरा असतो हो, इसीजीत दिसत नाही एवढंच.

शेंगाचटणी
दादा वाचून डोळ्यात पाणी आलं. माझं दुसऱ्या बाळंतपणानंतरचं, कुकर लावलाय तोवर लिहिते. बाळ रडायचं आणि मी नुसती बघत बसायची, उचलावंसंच वाटायचं नाही, रात्री बाळ झोपलं तरी मला झोप नाही, सगळे म्हणायचे ओली बाळंतीण आहे होतं असं, पण पहिल्या वेळचं रडू आठवडाभरात गेलं होतं आणि हे महिना उलटला तरी वाढतच चाललेलं. नणंदेनं ओळखलं. तीच घेऊन गेली. आधी थायरॉइड तपासलं, बाळंतपणानंतर तेही बिघडतं म्हणे. अंगावर पाजत असताना चालणाऱ्या गोळ्या असतात, फक्त पाजतेय हे डॉक्टरांना सांगायचं. आता लेक शाळेत जाते, डबा रोज परत आणते ते वेगळं 😄

हिप्परगा_तलाव
नणंदेला माझा नमस्कार सांगा ताई. अशी माणसं पाहिजेत घरात.

चादरवाला
पूर्वभागकर, अजून लूमवरच का? आमच्याकडं टॉवेलची ऑर्डर लै कमी झालीय. बाकी धागा चांगला काढलात.

पूर्वभागकर
हाय की, पण दिवसपाळी मागून घेतली. झोप मोडली की सगळं परत डोकं वर काढतं.

विजापूर_रोड
भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार, त्यावरच्या लिथियमच्या गोळ्यांवर आहे, बरीच वर्षं झाली, नोकरी चालू, संसार चालू. आपल्याकडच्यांसाठी मुद्दाम लिहितो: एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या पुढं जातं, घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला तर लगेच डॉक्टर. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ मनानं बंद करायचं नाही, दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत, रक्ततपासणी वेळेवर. वहिनी बाटली हातात देऊनच त्याला बाहेर सोडते.

जुळे_सोलापूर
सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यात आधी कुणाकडं जायचं? मुलगी बारावीला आहे, जेवत नाही, खोलीतून बाहेर येत नाही. घरात हे म्हणतात लोक काय म्हणतील.

विजापूर_रोड
काकू, सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी डॉक्टर, गोळ्या तेच देतात. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. खाणंपिणं सुटलंय तर आधी डॉक्टरांना दाखवा, समुपदेशन लागलं तर तेच सांगतील. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. आणि मरणाबिरणाचं बोलत असेल तर तिला एकटी ठेवू नका, तडक घेऊन जा.

शेंगाचटणी
आणि तिला सरळ विचारा हो, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट पोरी मोकळ्या होतात.

अशोक_चौक
१४४१६ वर फोन लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलतात, आमच्या आईला तेलुगूच जमतं, तर तेलुगूचीपण सोय आहे. काकांनाच लावून द्या फोन, बाहेरच्या माणसाचं ऐकतात पुरुष.

हिप्परगा_तलाव
विम्याचंही बघून ठेवा. माझा क्लेम एका कंपनीनं मानसिक आजार म्हणून नाकारला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराला विमा द्यायचा असं लिहिलंय, ते कलम जोडून तक्रार केली, पैसे मिळाले.

चादरवाला
हे माहीत नव्हतं. कलम नंबर?

हिप्परगा_तलाव
२१, त्यातलं चौथं पोटकलम.

जुळे_सोलापूर
विचारलं तिला आत्ता. बराच वेळ रडली, मग थोडा दहीभात खाल्ला. उद्या नेतेय. ह्यांना अजून सांगितलं नाही. एकटीला जमेल का काही कळत नाही.

शेंगाचटणी
एकट्या कशाला जाताय, मी विजापूर नाक्याजवळच राहते. सकाळी लवकर निघू, केस पेपरला रांग असते. व्यनि (खाजगी निरोप) केलाय बघा.