मदत हवी आहे : मोल्सवर्थ या आडनावातील 'मोल' कोठून आले?

नमस्कार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशावर (पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली दुसरी १८५७) एक टिपण लिहीत असताना कोशकर्त्याच्या आडनावापाशीच अडखळलो आहे. जुन्या इंग्रजीचे जाणकार असतील तर त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मराठी कानाला या नावात मोठी गंमत वाटते. 'मोल' म्हणजे किंमत आणि 'वर्थ' म्हणजेही किंमत, तेव्हा कोशकर्त्याला याहून शोभणारे आडनाव ते कोणते! मात्र हा केवळ योगायोग आहे. आपले मोल 'मूल्य'पासून आलेले. आणि तिकडचे 'वर्थ' हा कुंपण घातलेली वाडी किंवा वस्ती या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द, जो वँड्सवर्थ, केनिलवर्थ या गावांच्या नावांतही आहे. आडनाव पडले ते हंटिंग्डनशरमधील (हल्लीच्या केंब्रिजशरमधील) मोल्सवर्थ या खेड्यावरून. आपण अशा वेळी गावाच्या नावाला 'कर' जोडतो, इंग्रजांनी गावाचेच नाव जसेच्या तसे लावले. १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडमधील गावे व जमिनी यांच्या सरकारी नोंदवहीत) हे खेडे 'मोल्सवर्ड' अशा रूपात नोंदलेले आहे.

पूर्वपदाचा अर्थ 'मूल नावाच्या माणसाची' असा दिला जातो आणि मधला 'स' हा षष्ठीचा प्रत्यय ठरतो. मूल हे विशेषनाव खरोखरच प्रचारात होते, कारण वेसेक्स या जुन्या इंग्लंडमधील राज्याचा राजा कॅडवाला याच्या याच नावाच्या भावाला ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी जाळून मारले. शब्दाचा मूळ अर्थ खेचर; त्यावरून मिश्र कुळातला माणूस असाही अर्थ लावतात. जमीन उकरणाऱ्या 'मोल' या प्राण्याशी मात्र मी हे नाव जोडणार नाही, कारण त्या प्राण्याचे ते नाव इंग्रजीत बरेच उशिरा दिसते.

माझी अडचण ऊकाराची आहे : 'मूल'मधल्या 'ऊ'चा 'मोल'मध्ये 'ओ' कसा झाला? नॉर्मन (१०६६ मध्ये फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांचे) लेखनिक 'म', 'न' यांच्या शेजारच्या उकाराच्या जागी 'ओ' लिहीत, आणि 'सन' (son), 'कम' (come) या इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये तो 'ओ' आजही टिकून आहे. पण त्यांचा उच्चार काही ओकारी झाला नाही. मोल्सवर्थमध्ये तर ओकार चक्क उच्चारात आहे. लेखनावरून उच्चार बदलला, असे मानायचे का? की मुळातील दीर्घ ऊ जोडाक्षरापूर्वी ऱ्हस्व होऊन पुढे वेगळ्या वाटेने गेला? अशीच वाटचाल झालेले दुसरे एखादे ग्रामनाम कोणास आठवत असेल, तर त्याच्या मध्ययुगीन लेखनरूपांसह जरूर सांगावे.