मदत हवी आहे: जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी साहस छापायचंय, कव्हरवर काय लिहू?

मंडळी, सोलापुरात आमचा रविवारचा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं होऊन खेळायच्या खेळाची १९८१ ची बेसिक-एक्सपर्ट आवृत्ती खेळतो. तिच्यासाठी मी मराठीत एक साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक, लिहिलंय: बंद पडलेली कापडगिरणी, रात्री आपोआप वाजणारा भोंगा, बॉयलरखालचं तळघर. कथा, नकाशे, चित्रं माझी. पुस्तकातलं एक वाक्यही उचललेलं नाही. फक्त ‘सुताचं भूत: आर्मर क्लास ५, हिट डाइस ३’ असे आकडे येतात, म्हणजे भुताला मारणं किती अवघड आणि त्यात किती दम, याची खेळातली मापं. गड्ड्याच्या जत्रेआधी छापून विकायचंय, पीडीएफ परदेशातही.

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, हे आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. म्हणजे आकड्यांना हरकत नसावी. घोडं अडतंय नावापाशी. ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम ३० नुसार आपला माल दुसऱ्याच्या मालाला जोड म्हणून आहे हे सांगण्यापुरतं त्याचं नाव घेता येतं. पण खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, म्हणजे २००० सालचं ओपन गेम लायसन्स वापरलं, की त्याचं कलम ७ तेवढीही मुभा ठेवत नाही: वेगळा करार नसेल तर दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी सुसंगत असल्याचं छापायचं नाही. मग लायसन्स वापरू की नको? प्रेसवाले म्हणतात, ‘छापा हो, कोण बघतंय!’ त्यांचं काय जातंय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
मूळ नावाच्या वाटेला जाताच कशाला? जुने नियम नव्यानं लिहून काढलेले क्लोन याचसाठी आहेत. तुमच्या आवृत्तीला ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स (२०१९) चालेल. त्यांचं थर्ड-पार्टी लायसन्स (बाहेरच्या लेखकांसाठीचा परवाना) फुकट आहे, अटी पाळून कव्हरवर त्यांचा लोगो लावता येतो. कलम ७ मधला ‘वेगळा करार’ तो हाच. खेळणाऱ्यांना बरोबर कळतं. तुमचा खेळ अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली आवृत्ती असता तर ऑस्रिक (२००६) हा क्लोन सांगितला असता. आणि तळघरात बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर हे त्या खेळातले राक्षस बसवले असतील तर आधी बाहेर काढा, ओपन गेम लायसन्सखाली दिलेल्या नियमावलीत ते राखीव म्हणून नोंदलेले आहेत.

धागाकर्ता:
बिहोल्डर नाही, भूत अस्सल गिरणगावचं आहे! लोगोचं पटलं. पण ओपन गेम लायसन्सचा मजकूर मराठीत छापला तर चालेल?

प्रतिसाद १:
नको. प्रत्येक प्रतीत मूळ इंग्रजी मजकूर जसाच्या तसा हवा, पीडीएफमध्येही. कलम १५ मध्ये आधीच्या सगळ्या कॉपीराइट ओळी ठेवून खाली तुमची घाला. मराठी भावार्थ द्यायचाच तर वेगळ्या पानावर. परदेशात विकणार आहात, म्हणून छापण्याआधी एकदा वकिलाला दाखवा.