रोमकूप, केशपुटक की केसाचं मूळ?

टाकबोरू:
अकरावीच्या जीवशास्त्राच्या टिपणांचं मराठी करतोय. 'हेअर फॉलिकल'ला, म्हणजे त्वचेतल्या ज्या खोलग्यातून केस उगवतो त्याला, रोमकूप म्हणावं की केशपुटक? मी 'केसाचं मूळ' लिहून मोकळा होणार होतो. शिवाय भ्रूणात बाह्यत्वचा (त्वचेचा वरचा थर) आणि अंतस्त्वचा (खालचा थर) यांच्या 'आंतरक्रियेतून' केस घडतो, असं लिहिलंय. माझं मलाच कळेना.

चिंचपान:
मूळ नको. मूळ म्हटलं की बी आलं, खालून वर येणारा कोंब आला. इथे उलटं आहे. उंदराच्या भ्रूणात चौदाव्या-पंधराव्या दिवशी पाठीच्या बाह्यत्वचेत ठिकठिकाणी पेशी जाड होऊन टिकलीसारखा ठिपका उठतो. बरोबर त्याच्याखाली अंतस्त्वचेच्या पेशींचा पुंजका जमतो. मग टिकली खाली घुसत जाते आणि तळाशी त्या पुंजक्याला कवेत घेते. वरून खणलेली विहीरच! कूप चपखल.

राखुंडी:
पण 'रोमकूप' ऐकून लोकांना चेहऱ्यावरचं छिद्र आठवतं. मी केशपुटक ठेवीन. पुट म्हणजे द्रोणासारखा खोलगा.
'आंतरक्रिया' मात्र खोडाच. हे थर एकमेकांना सिग्नल धाडतात, आणि सिग्नलला आपला 'सांगावा' आहे की! सांगावे दोन्हीकडून जातात, पण दोघींचा अधिकार वेगळा. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रनोबलला जीवशास्त्रज्ञ दानिएल दुआयी यांनी उंदराच्या भ्रूणाच्या वरच्या ओठाची अंतस्त्वचा घेऊन तिच्यावर कोंबडीच्या भ्रूणाची बाह्यत्वचा बसवली. उठले ते पिसांचे कोंब, तेही अर्धवट राहिलेले. मांडणी मात्र उंदराच्या मिशांची! कुठे उगवायचं ते खालचीने सांगितलं, वरचीने आपल्याला येतं ते केलं.

टाकबोरू:
वा! मग 'दोन्ही थरांत सांगाव्यांची देवाणघेवाण होते' असं करतो. आणि तळाच्या पुंजक्याला 'केशांकुर'?

चिंचपान:
अंकुर म्हणजे पुन्हा तीच चूक. त्या पुंजक्याचा केस कधीच होत नाही. केस होतो भोवतीच्या, वरून आलेल्या पेशींचा. 'पिंडिका' म्हणा. रुक्ष आहे, पण खोटं बोलत नाही.

टाकबोरू:
पटलं. जाता जाता: पुढच्या महिन्यात पुतणीचं जावळ काढायचंय. आई म्हणते, मग केस दाट येतात.

राखुंडी:
माणसात ही पुटकं तिसऱ्या महिन्यापासून पोटातच घडायला लागतात आणि जन्मानंतर नवी होत नाहीत. वस्तरा फिरतो तो विहिरीबाहेर आलेल्या निर्जीव दोऱ्यावर. आईंना एवढ्यात सांगू नका, जेवण चुकेल.