मदत हवी आहे – जर्मनीत भाड्याच्या घरात बाल्कनी सोलर
नमस्कार मंडळी, जर्मनीत कोणी बाल्कनीत सोलर (कठड्याला लावून घरच्या सॉकेटला जोडायची छोटी पॅनेल) लावलंय का? 2022 ला रशियाचा गॅस आटला तेव्हा विजेचं बिल बघून डोळे पांढरे झाले होते, तेव्हापासून डोक्यात आहे. आता 800 वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) लावायला परवानगी आहे, 2023 पासून या सेटवर व्हॅट पण शून्य, आणि 2024 च्या कायद्यामुळे घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, तरी आमचे मालक आजोबा कठडा खराब होईल म्हणून अडून बसलेत. बाल्कनी पश्चिमेला, समोर मोठ्ठं झाड, सध्या तिथे फक्त बायकोचे सांडगे वाळतात (तेही जेमतेम). परवडेल का? मीटर जुना चकतीवाला आहे, जास्तीची वीज बाहेर गेल्यावर तो उलटा फिरला तर चालतं की नवीन मीटर बसेपर्यंत थांबायचं? आणि आजोबांना कसं पटवू?