४३३ मेगाहर्ट्झच्या मॉड्यूलला लांब वायर लावली तर रेंज उलट कमी का झाली?

बाहेरचं_तापमान:
नमस्कार मंडळी, बाहेरचं तापमान आत बसून दिसावं म्हणून ४३३ मेगाहर्ट्झचं साधं ट्रान्समीटर-रिसीव्हर मॉड्यूल घेऊन खटपट चाललीये. सोबतच्या कागदावर १७ सेंमी वायर लावा असं लिहिलं होतं, ती लावली तेव्हा साठेक पावलांपर्यंत सिग्नल मिळत होता. मला वाटलं मोठी वायर जास्त लहरी सोडणार, म्हणून ट्रान्समीटरला १ मीटरची सरळ ताणून लावली तर रेंज वीस पावलांवर आली. वायर बदलली, सोल्डरिंग परत केलं, तेच.
यावर विचार करता करता दुसराच प्रश्न डोक्यात शिरलाय तो काही जाईना. अँटेनाचं एक टोक हवेत मोकळंच असतं, आणि शाळेत तर शिकलो की सर्किट पूर्ण झाल्याशिवाय करंट वाहत नाही, मग या वायरमधे करंट जातो तरी कुठे? कुणी नीट सांगेल का, फॉर्म्युला चालेल पण आधी कारण कळू दे.

खरखर:
ट्रान्समीटरला ५ ऐवजी १२ व्होल्ट देऊन बघा, पॉवर वाढली की रेंज वाढेल. आम्ही शॉर्टवेव्ह रेडिओला १० मीटर वायर लावायचो, जेवढी लांब तेवढी स्टेशनं जास्त. तुमच्या वायरीतच काहीतरी गडबड असणार.

पाव_लाट:
वायरीत गडबड नाहीये, लांबी चुकलीये, आणि योगायोगाने नेमकी सगळ्यात वाईट लांबी हाताला लागलीये.
आधी दुसरा प्रश्न घेतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. "सर्किट पूर्ण पाहिजे" हे बॅटरी-बल्बला बरोबर आहे, तिथे करंट एकाच दिशेने वाहत राहतो. इथे तो सेकंदाला ४३ कोटींहून जास्त वेळा पुढे-मागे होतोय, म्हणजे एक फेरी साधारण २.३ नॅनोसेकंदात. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६९ सेंमीच जातो (एका फेरीत लाट जेवढं अंतर कापते ती तिची वेव्हलेंथ) आणि वायरीवरची लाट जवळपास त्याच वेगाने पळते. म्हणजे करंट वायरीच्या बुडातून निघतो तेव्हा पुढचं टोक मोकळं आहे की कशाला जोडलंय हे तिथे अजून कळलेलंच नसतं! तो बिनधास्त निघतो, टोकाशी पोचतो, पुढे रस्ता नाही म्हणून चार्ज तिथे साठतो, व्होल्टेज चढतं आणि तोच चार्ज मागे ढकलला जातो. परत येणारी करंटची लाट उलटी झालेली असते, एवढं लक्षात ठेवा.
आता बघा. १७ सेंमी म्हणजे पाव वेव्हलेंथ, जाऊन-येऊन अर्धी. तेवढ्या वेळात ट्रान्समीटरचा करंट अर्धी फेरी मारून उलटा झालेला असतो आणि परत आलेली लाटही उलटीच, म्हणजे दोघं एका दिशेला. झोका परत आला की बरोबर त्याच क्षणी धक्का द्यावा तसं होतं, करंट चढत जातो. तुमच्या १ मीटरमधे जाऊन-येऊन २ मीटर, वायर विजेच्या दृष्टीने असते त्याहून थोडी लांब वागते हे धरलं तर तीन पूर्ण वेव्हलेंथ. लाट परत येईपर्यंत ट्रान्समीटर तीन फेऱ्या संपवून मूळ दिशेलाच आलेला, लाट मात्र उलटी, दोघं समोरासमोर. बुडाशी करंट जवळजवळ शून्य आणि व्होल्टेज मोठं. मॉड्यूल बनवलेलं असतं कमी इम्पिडन्सच्या, म्हणजे थोड्या व्होल्टेजला जास्त करंट घेणाऱ्या, अँटेनासाठी, त्यामुळे त्याची बरीचशी पॉवर वायरीत शिरतच नाही. जी थोडी शिरते तीही इतक्या लांब वायरीतून तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या दिशांना फेकली जाते, तुमचा रिसीव्हर दोन तुकड्यांच्या मधे आला तर संपलंच.
लांबी काढायची म्हणजे ३०० भागिले मेगाहर्ट्झ, आली मीटरमधे वेव्हलेंथ, तिचा पाव घ्या आणि वायर थोडी लांब वागते म्हणून ४-५ टक्के कमी करा. सुरुवातीला जरा लांब ठेवून दोन-दोन मिलीमीटर कापत जा.
@खरखर, शॉर्टवेव्हचा तुमचा अनुभव खराच आहे. पण ७ मेगाहर्ट्झची वेव्हलेंथ ४३ मीटर, तिथे १० मीटर वायर म्हणजे पावच झाली की. शिवाय त्या बँडवर वातावरणातलीच खरखर इतकी असते की मॅचिंग (अँटेना आणि रेडिओचा इम्पिडन्स जुळणं) चुकलं तर सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच घटतात, ऐकताना फारसं जाणवत नाही. पाठवताना तसं नसतं, तिथे गेलेली पॉवर गेलीच. आणि नुसत्या पॉवरवर रेंज दुप्पट करायची तर मोकळ्या मैदानातसुद्धा ती चौपट लागते.

भौतिकशास्त्र_शिकवते:
+१, फार छान समजावलंत. एक मुद्दा राहिला आणि माझ्या मते तोच सगळ्यात सुंदर आहे.
दोन तारांची केबल घ्या. एकीत करंट वर जात असेल तर शेजारच्या तारेत खाली, लांबून बघितलं तर दोघींची क्षेत्रं एकमेकींना खोडतात, बाहेर काहीच जात नाही. आता त्याच तारांची टोकं उलगडून एक वर आणि एक खाली वळवा. दोन्हींमधला करंट एकाच दिशेचा झाला, खोडणं बंद, डायपोल म्हणजे दोन हातांची अँटेना तयार! विद्युत क्षेत्राच्या रेषा एका हातापासून दुसऱ्या हाताकडे हवेतून जातात आणि सर्किट पूर्ण होतं ते तिथेच, बदलतं विद्युत क्षेत्रच तिथे करंटचं काम करतं, मॅक्सवेलचा डिस्प्लेसमेंट करंट म्हणतात तो हाच. चार्जने दिशा बदलली की लांबच्या रेषांना ते लगेच कळत नाही, त्यांना परत तारेकडे यायला वेळच उरत नाही, त्या तुटून प्रकाशाच्या वेगाने निघून जातात. आपण लाट म्हणतो ती हीच. १८८७ च्या सुमारास हर्ट्झने पहिल्यांदा अशा लाटा सोडल्या आणि पकडल्या, त्याच्या यंत्राची दोन्ही टोकं मोकळीच होती.
तर मग तुमच्या वायरीचा दुसरा हात कुठाय? मॉड्यूलच्या ग्राउंडचं एवढंसं तांबं आणि बॅटरीच्या वायरी. मार्कोनीने दुसऱ्या हाताचं काम जमिनीकडून करून घेतलं. तुम्ही ग्राउंडला १७ सेंमीच्या तीन-चार वायरी जोडा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या आडव्या पसरवा.

बाहेरचं_तापमान:
ताई, सर, दोघांचे मनापासून आभार, झोका आणि उलगडलेली केबल वाचून पहिल्यांदा डोळ्यासमोर चित्र आलं. काल १८ सेंमीपासून कापत कापत १६.६ ला थांबलो आणि ग्राउंडला तीन आरे लावले, आता १४० पावलांवरही रीडिंग येतंय, व्होल्टेज ५ च आहे. अजून एक दिसलं, वायरीच्या टोकाला बोट लावलं की सिग्नल पडतो पण बुडाजवळ प्लॅस्टिकवरून धरलं तर तेवढा नाही. टोकाशी व्होल्टेज जास्त म्हणूनच ना? आणि रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला की लांबून रीडिंग तुटतं, हे का?

पाव_लाट:
हो, टोकाशी विद्युत क्षेत्र सगळ्यात जोरदार, तिथे बोट आलं की वायर लांब झाल्यासारखीच होते आणि ट्यूनिंग सरकतं.
आडव्याचं कारण पोलरायझेशन. ट्रान्समीटरची वायर उभी म्हणून लाटेतलं विद्युत क्षेत्रही उभंच हलतं, ते आडव्या वायरीतल्या चार्जला तिच्या लांबीच्या दिशेने ढकलूच शकत नाही. जवळ असताना भिंतींवरून आपटून आलेल्या वाकड्यातिकड्या लाटांवर काम भागतं, लांब गेलं की त्याही पुरत नाहीत. दोन्ही वायरी उभ्या ठेवा, आणि रिसीव्हरलाही तसेच तीन आरे लावून बघा.