विषय : दिवाळीच्या पानावरील पणत्यांचे छायाचित्र आणि आलेली नोटीस

प्रेषक : सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,

मंडळाच्या ईमेल पत्त्यावर एका वकिली कंपनीच्या नावाने एक नोटीस आली आहे. आपल्या संकेतस्थळावरील दिवाळीच्या पानावर पणत्यांचे जे छायाचित्र आहे, ते त्यांच्या अशिलाच्या मालकीचे असून, पाच कामकाजाच्या दिवसांत त्या छायाचित्राखाली अशिलाचे नाव आणि त्याच्या संकेतस्थळाची लिंक द्यावी, अन्यथा डीएमसीए या अमेरिकेच्या कॉपीराइटविषयक कायद्याच्या कलम ५१२ खाली कारवाई करण्यात येईल, असा मजकूर आहे. छायाचित्र नुसते काढून टाकल्याने प्रकरण मिटणार नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. अशील म्हणजे घरगुती उपकरणांची परीक्षणे छापणारे एक संकेतस्थळ दिसते. पैशांची मागणी कोठेही नाही. संकेतस्थळ समितीच्या नोंदीप्रमाणे हे छायाचित्र अनस्प्लॅश या फुकट छायाचित्रांच्या संकेतस्थळावरून घेतलेले आहे. कार्यकारिणीने उत्तर देण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

आपली,
सचिव

प्रेषक : कोषाध्यक्ष

सचिवताई,

माझ्या मते लिंक देऊन मोकळे व्हावे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी आपली स्थिती आहे. मंडळाची शिल्लक गणेशोत्सवाच्या सभागृहाचे भाडे देण्यापुरतीच असते. त्यातून वकिलाची फी निघणार नाही. एक ओळ लिहिल्याने एक डॉलरही खर्च होत नसेल, तर तत्त्वासाठी भांडण्याचे कारण मला दिसत नाही.

कोषाध्यक्ष

प्रेषक : एक आजीव सभासद

कोषाध्यक्ष महोदय आणि सर्व मंडळी, सप्रेम नमस्कार.

कोषाध्यक्षांची काळजी रास्त आहे, पण या पत्राला लिंक देणे म्हणजे ज्यासाठी ते पाठवले आहे तेच त्यांच्या हाती देणे होय. अशा पत्रात धमकी कितीही मोठी असली तरी आधी मागणी काय आहे ते पाहावे. ज्याचे छायाचित्र खरोखर चोरीला गेले आहे तो ते काढायला सांगतो किंवा परवान्याचे पैसे मागतो. छायाचित्र काढू नका, लिंक मात्र द्या, असे सांगणाऱ्याला छायाचित्राशी कर्तव्य नाही, लिंकशी आहे. अनेक वर्षे चालू असलेल्या, ग्रंथालये आणि इतर मंडळे ज्याचा दुवा देतात अशा ना-नफा संस्थेच्या संकेतस्थळावरून आलेली लिंक गुगलच्या शोधात वजनदार ठरते, आणि अशा लिंकांना बाजारात भाव आहे. तीच फुकटात मिळवण्याची ही युक्ती आहे.

हा प्रकार नवा नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील 'टेडियम' या वार्तापत्राचे संपादक अर्नी स्मिथ यांना 'कॉमनवेल्थ लीगल' या नावाने जवळजवळ याच शब्दांतले पत्र आले होते. वाद होता गाडीच्या किल्लीच्या एका छायाचित्राचा, आणि तेही अनस्प्लॅशवरचेच होते. स्मिथ यांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील वकिलांचे चेहरे संगणकाने तयार केलेले असल्याची लक्षणे दिसली, आणि कार्यालयाचा पत्ता ॲरिझोनातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्याचा निघाला. गुगलच्या रस्त्यावरील चित्रात ती इमारत बैठी, एकमजली दिसते. आपल्याला आलेल्या पत्रातील वकिलाचे नाव मी त्याने सांगितलेल्या राज्याच्या बार असोसिएशनच्या (वकिलांच्या संघटनेच्या) सूचीत शोधले. तेथे ते नाही. ही सूची फुकट आहे आणि कोणालाही पाहता येते. कंपनीच्या डोमेनची नोंदणीही अगदी अलीकडची आहे, मग पत्राच्या शिरोभागी मिरवलेला 'अनेक दशकांचा अनुभव' कोठला, हे त्यांनाच ठाऊक.

कलम ५१२ चा उल्लेखही नुसता धाक घालण्यापुरता आहे. १९९८ च्या या कायद्याखालील नोटीस साधारणपणे संकेतस्थळाला जागा पुरवणाऱ्या कंपनीकडे जाते, आणि तिचा हेतू मजकूर हटवणे हा असतो. तिच्यात मूळ कृती कोणती हे ओळखू येईल असे सांगावे लागते, सही लागते, आणि आपण हक्कधारकाच्या वतीने बोलण्यास अधिकृत आहोत असे, खोटे ठरल्यास शपथभंगाची शिक्षा पत्करून, लिहून द्यावे लागते. जाणूनबुजून खोटी नोटीस देणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याची सोयही त्याच कलमात आहे. आपल्या पत्रात यातले काहीही नाही. नाव आणि लिंक लावून घेण्याचा अधिकार तर हे कलम कोणालाच देत नाही.

या पत्राला उत्तर देऊ नये, लिंक देऊ नये, आणि पणत्या आहेत तेथे राहू द्याव्यात, असे माझे मत आहे.

आपला,
एक आजीव सभासद

प्रेषक : युवा शाखेचे समन्वयक

काका, नमस्कार.

मला दोन शंका आहेत. मागच्या वर्षी संपर्काच्या फॉर्ममधून आपल्याला एका 'छायाचित्रकार' बाईंचा संतप्त संदेश आला होता आणि पुरावा पाहण्यासाठी गुगलच्या एका पानाची लिंक होती. आम्ही ती उघडली नाही, पण तो प्रकारही असाच होता का? आणि सगळीच पत्रे खोटी असतात असे धरून चालले, तर एखादे खरे पत्रही केराच्या टोपलीत जाणार नाही का?

प्रेषक : एक आजीव सभासद

चि. समन्वयक,

उघडली नाहीत हे उत्तम झाले. तो प्रकार याहून घातक आहे, कारण तेथे पैसाही नको असतो आणि लिंकही नको असते. हवा असतो तुमचा एक क्लिक. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच मोहिमेची माहिती प्रसिद्ध केली होती. संपर्काच्या फॉर्ममधून कॉपीराइटभंगाची तक्रार येते, लिंक खरोखरच गुगलच्या सेवेवरची असल्याने ईमेलचे गाळणीयंत्र तिला अडवत नाही, गुगल खात्याने आत शिरायला सांगितले जाते, आणि मग एक झिप फाइल उतरते. तिच्यात छायाचित्र नसून जावास्क्रिप्टची फाइल असते आणि ती चालवली की 'आइस्डआयडी' हा बँकेची माहिती चोरणारा प्रोग्राम संगणकात शिरतो. ज्याला आपले छायाचित्र दाखवायचे आहे तो ते ईमेलमध्येच दाखवू शकतो. पुरावा पाहायला काहीतरी उतरवून घ्या म्हणणाऱ्याला तेथेच थांबवावे.

दुसरी शंका अधिक मोलाची आहे. खऱ्या मागण्या येतात, आणि खऱ्या कंपन्यांकडूनही चुकीच्या मागण्या येतात. कॅरोल हायस्मिथ या छायाचित्रकर्तीने आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला सर्वांच्या वापरासाठी दिली होती. तिला तिच्याच संस्थेच्या संकेतस्थळावर लावलेल्या तिच्याच छायाचित्रासाठी १२० डॉलर भरण्याचे पत्र आले. २०१६ मध्ये तिने छायाचित्रांचे परवाने विकणाऱ्या गेटी इमेजेस या कंपनीवर आणि इतरांवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला, पण त्यातील कॉपीराइटविषयक दावे न्यायालयाने फेटाळले.

म्हणून पैसे मागणारे पत्र आले तर घाबरू नये आणि फेकूनही देऊ नये. अमेरिकन कॉपीराइट कार्यालयातील नोंदणीचा क्रमांक मागावा. अमेरिकेत निर्माण झालेल्या कृतीबाबत नोंदणी झाल्याशिवाय खटला भरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पत्रांतून दीड लाख डॉलरचा जो आकडा फेकला जातो, ती जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाची कमाल मर्यादा आहे, आणि अशा, कायद्यानेच ठरवलेल्या भरपाईसाठी नोंदणी सर्वसाधारणपणे उल्लंघनाच्या आधीची लागते. मात्र जून २०२२ पासून लहान दाव्यांसाठी कॉपीराइट क्लेम्स बोर्ड सुरू झाले आहे. तेथे एकूण भरपाईची मर्यादा ३०,००० डॉलर आहे. त्या बोर्डाची रीतसर बजावलेली नोटीस आली तर साठ दिवसांत त्या प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय असतो. तो घ्यावा की न घ्यावा हे वकिलाला विचारावे. गप्प बसणे हा पर्याय नाही.

आता मला खरोखर खटकलेली गोष्ट सांगतो. पणत्यांची मला चिंता नाही, शिवजयंतीच्या पानावरील रायगडाची आहे. ते छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलेले आहे, त्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे अटींवर फुकट वापराची मुभा देणारा आहे, आणि आपण छायाचित्रकाराचे नाव दिलेले नाही. अनस्प्लॅशच्या परवान्यात नाव देण्याची सक्ती नाही. येथे ती आहे. परवान्याची आवृत्ती ४.० असेल तर चूक कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केल्यास परवाना पुन्हा लागू होतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत अट मोडताच तो आपोआप संपतो. नेमक्या याच फटीवर काही जण आपला उद्योग चालवतात : छायाचित्र 'फुकट' म्हणून पसरू द्यायचे, नाव चुकले की बिल पाठवायचे. ती मागणी आवडो न आवडो, खोटी म्हणता येत नाही.

अनस्प्लॅशही अगदी निर्धोक नाही. तेथे चित्र चढवणाऱ्यानेच ते दुसऱ्याचे उचललेले असेल, तर मंडळाला कोणी हमी देत नाही. त्यासाठी चित्र घेताना त्या पानाची तारखेसह प्रत, चढवणाऱ्याचे नाव आणि त्या दिवशीचा परवाना जपून ठेवावा. हे परवाने बदलतात : अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबे या तशाच संकेतस्थळाने २०१९ मध्ये सीसी-झीरो हा सर्व हक्क सोडून देणारा परवाना सोडून स्वतःचा परवाना आणला.

आपला,
एक आजीव सभासद

प्रेषक : एक सभासद

सर्वांना नमस्कार. माझ्या भाच्याचा पुण्यात सहलींचा व्यवसाय आहे. त्यालाही असेच पत्र आले असून तो फार धास्तावला आहे. डीएमसीए तेथे लागू होतो का?

प्रेषक : एक आजीव सभासद

ताई, भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे, आणि त्याच्या कलम ६० मध्ये निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध न्यायालयाकडून मनाई आणि भरपाई मागण्याची तरतूद आहे. पण लिंक मागणारे पत्र असेल तर त्याने कोर्टाची पायरी चढण्याचे कारण नाही; चित्र कोठून घेतले याची नोंद शोधून ठेवावी आणि पत्र जपून ठेवावे.

प्रेषक : सचिव

मंडळी,

कोषाध्यक्ष काकांशी आज फोनवर बोलणे झाले. लिंक देण्याचा आग्रह त्यांनी सोडला आहे. नोटिशीला उत्तर दिले जाणार नाही, मात्र ती आणि तिचे तांत्रिक तपशील संकेतस्थळ समितीकडे जतन केले आहेत. रायगडाच्या छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव, परवाना आणि मूळ पानाचा दुवा आज रात्री लागेल. परवान्याची आवृत्ती ४.० च्या आधीची निघाली, तर छायाचित्र उतरवून छायाचित्रकाराला आधी विचारले जाईल. गेल्या काही वर्षांच्या स्मरणिका पीडीएफ रूपात संकेतस्थळावर आहेत आणि त्यांतील चित्रांची नोंद कोणाकडेच नाही. ज्यांनी त्यांची मांडणी केली होती, त्यांनी चित्रे कोठून घेतली ते युवा शाखेच्या समन्वयकांना कळवावे; तोवर त्या स्मरणिका केवळ सभासदांच्या लॉगिनमागे ठेवल्या आहेत.

आपली,
सचिव