प्रभूभोजनाला बसायची हिंमतच होत नाहीये

नगरचा_पोरगा:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी मूळचा नगरचा, आता पुण्यात सेल्समध्ये आहे. इथे एका फेलोशिपला जायला लागलोय, तिथले भाऊ म्हणतात की ज्याचा खरा नवा जन्म झाला तो पाप करूच शकत नाही, योहानाच्या पहिल्या पत्रातलं ३:९ दाखवतात. अन माझं काय, तर रोज गिऱ्हाइकाला 'स्टॉक संपत आलाय' म्हणून थाप मारतो, घरी गेलो की आईवर खेकसतो, मग रात्री रडून माफी मागतो आणि सकाळी पुन्हा तेच. गेले चार महिने प्रभूभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरीचं तबक आलं की तसंच पुढे सरकवतो. बायबलमधलं 'पवित्र व्हा' हे माझ्यासारख्याला जमणारं आहे का खरंच?

जुना_सेवक:
बाळा, तेच पत्र सुरुवातीपासून वाच. १:८ मध्ये योहान म्हणतो की आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो, आणि २:१ मध्ये कोणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. मग दोन पानांनी तोच माणूस उलटं कसं लिहील? ३:९ मधलं 'करणं' मूळ ग्रीकमध्ये चालू क्रियापद आहे, म्हणजे पापात रमून राहणं. तू रमलेला दिसत नाहीस, रडतोयस.
अजून एक. एवढी संकटं सोसलेल्या ईयोबाला आपलं मराठी बायबल 'सात्त्विक' म्हणतं (आपल्याकडे सात्त्विक म्हटलं की आधी जेवण आठवतं ते सोड). मूळ इब्री शब्दाचा अर्थ अखंड, पूर्ण, अर्पणाच्या निर्दोष जनावरालाही त्याच मुळातला शब्द आहे. ईयोब तक्रारी करतो, भांडतो, पण देवाला सोडत नाही.
आणि तबक सरकवणं बंद कर. १ करिंथ ११:२८ नीट बघ, परीक्षा करावी 'आणि मग' खावं असं आहे. परीक्षा करून उठून जावं असं कुठंय?

मेथॉडिस्ट_काकू:
आमच्याकडे तर पवित्रतेवरच सगळा जोर, तरी ऐक. आमच्या मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ज्याला परिपूर्णता म्हणायचे ती प्रेमाची परिपूर्णता, त्यात माणसाच्या चुका, अज्ञान, कमी समज राहतेच असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि आपण स्वतः तिथे पोचलो असा डंका त्यांनी कधी पिटला नाही. प्रेषित पौलसुद्धा फिलिप्पै ३:१२ मध्ये म्हणतो की मी पूर्ण झालोय असं नाही, धावतोय. जो भाऊ स्वतःला पोचलेला म्हणतो ना त्याच्या बायकोला विचारावं एकदा 😀
आपले ना. वा. टिळक बघ, १८९५ ला बाप्तिस्मा झाला, आजही त्यांची भजनं आपण गातो, पण राग केवढा! त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी काही लपवलं नाही, सगळं हसत हसत लिहून ठेवलंय. म्हणून राग चालतो असं नाही हां, आईला आजच फोन कर.

वसईकरीण:
मी कॅथलिक, मध्ये बोलते, सॉरी. आमच्याकडे कन्फेशन असतं म्हणून हे असं मनात साठत नाही, फादरपुढे तोंडाने बोलावं लागतं, लाज वाटते पण हलकं होतं. तुम्हीपण पाळकसाहेबांशी बोला ना. आणि तुम्ही सेल्सवाले म्हणून सांगते, आमचे संत गोन्सालो गार्सिया आधी जपानात व्यापारच करायचे, पुढे फ्रान्सिस्कन झाले, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि संतपद मिळालं १८६२ ला.

नगरचा_पोरगा:
आईला केला फोन. ती म्हणाली आता काय झालं, पैसे पाहिजेत का 🙈 रविवारी तबक घेणार. पण स्टॉकचं काय करू, बॉस शेजारीच बसून ऐकतो.

मेथॉडिस्ट_काकू:
खरा आकडा सांग. 'बारा शिल्लक आहेत' म्हण. थाप न मारता विकून बघ एक आठवडा, जमलं नाही तर ये परत इथे.

नगरचा_पोरगा:
काकू बारा नाही, चारशे आहेत.